नळाच्या पाण्यातला तात्पुरता बदल (बडोदा)

नळाच्या पाण्याचा रंग, वास, चव किंवा फोर्स काही तास ते काही आठवडे बदलतो आणि मग पुन्हा पहिल्यासारखा होतो, त्याला तात्पुरता बदल म्हणायचं. बोअरचं जड पाणी, खारेपणा, फ्लोराइड हे कायमचे दोष, ते इथे धरलेले नाहीत.

बडोद्यात हा विषय समजायला पाणी कुठून येतं ते बघावं लागतं. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या काळात, १८८० च्या दशकात, इंजिनियर जगन्नाथ सदाशिवजी यांच्या देखरेखीखाली शहरापासून साधारण २० किलोमीटरवर अजव्याचं धरण बांधायला घेतलं आणि १८९२ च्या सुमारास पाणी शहरात आलं, तेही पंपाशिवाय, नुसत्या उतारावर. हे पाणी आता निमेट्याला शुद्ध होऊन येतं. दुसरी वाट मही नदीची, फाजलपूर, रायका, दोडका आणि पोईच्याच्या फ्रेंच वेल, म्हणजे नदीच्या वाळूखाली आडव्या जाळीदार पाइपांनी पाणी गोळा करणाऱ्या खोल विहिरी. तिसरी वाट म्हणजे नर्मदा कॅनॉलमधून खानपूरच्या प्लँटला येणारं पाणी. तलावाचं पाणी आणि वाळूतून झिरपलेलं पाणी यांची चव एक नसते, त्यामुळे एक लाइन बंद ठेवून दुसरीकडून पाणी वळवलं की दांडिया बाजारातल्या चहाला फरक कळतो, पाणी बिघडलेलं नसतानाही.

मुद्दाम केलेले बदल, म्हणजे जंतू मारायला पाण्यात क्लोरीन घालणं, हा वेगळा प्रकार आणि त्याची सुरुवात कोणाची यावर बराच वाद आहे. बहुतेक ठिकाणी १९०८ सालच्या अमेरिकेतल्या जर्सी सिटीला मान देतात, तिथे जॉन लील यांनी सगळ्या शहराच्या पाण्यात रोज क्लोरीन घालायला सुरुवात केली. बेल्जियमवाले १९०२ चं मिडलकर्क पुढे करतात, इंग्रज १९०५ चं लिंकन, जिथे टायफॉइडची साथ आल्यावर अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी हायपोक्लोराइट वापरलं. पण तात्पुरत्या बदलापुरतं बोलायचं तर १८९७ ची इंग्लंडमधल्या मेडस्टनची नोंद जास्त जवळची वाटते, कारण तिथे साथीनंतर ब्लीचिंग पावडरने पाइपलाइनच धुतली होती, रोजचा डोस नव्हता. पुढे १९१७ च्या आसपास कॅनडातल्या ओटावात जोसेफ रेस यांनी क्लोरीनमध्ये अमोनिया मिसळून क्लोरामाइन वापरलं, ते पाइपात जास्त वेळ टिकतं, वासही कमी, पण अमोनियावर जगणारे जंतू पाइपात घर करतात. म्हणून अमेरिकेतल्या काही शहरांत वर्षातून काही आठवडे अमोनिया बंद करून नुसतं क्लोरीन सोडतात, ग्राहकांना आधी कळवतात, आणि त्या दिवसांत पाण्याला स्विमिंग पूलसारखा वास येतो. आपल्याकडे पद्धत मुख्यतः साध्या क्लोरीनचीच, त्यामुळे इथला वास साधारणपणे पावसाळ्यात किंवा लाइन दुरुस्तीनंतर वाढवलेल्या डोसचा असतो. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे नळाशी निदान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन उरलेलं हवं, म्हणजे थोडा वास येणं चांगलंच.

आपोआप होणारे बदल. शटडाउन (दुरुस्तीसाठी बंद ठेवलेला पुरवठा) उघडल्यावर पाणी जोरात आलं की पाइपात बसलेला गंज आणि मँगनीज सुटतं, लोखंडाने लालसर, मँगनीजने काळपट. जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा तुकडा कापून बघितला तर आत तांबड्या गाठींनी भोक करंगळीएवढं उरलेलं दिसतं, ते सगळं रोज आपल्या पाण्याबरोबर असतंच, फक्त त्या दिवशी हललेलं असतं. दुधी पाणी हवेचं. ग्लासात ठेवलं तर खालून वर एक-दोन मिनिटांत स्वच्छ होतं, वरून खाली स्वच्छ झालं तर तळाशी गाळ आहे. उन्हाळ्यात मातीचा वास येतो तो तलावातल्या शेवाळाकडून सुटणाऱ्या जिओस्मिनचा, हे नाव १९६५ मधलं, आणि नाकाला तो इतक्या कमी प्रमाणात कळतो की तब्येतीचा प्रश्न येत नाही.

खरी भीती रंगाची नाही, प्रेशरची. पाणी थांबलं की रिकाम्या पाइपात ओढ तयार होते, शेजारून गटार जात असेल तर सांध्यातून तेच आत येतं, आणि लाइनीला डायरेक्ट मोटर लावणारे ही ओढ अजून वाढवतात (सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे बोलून बघावं). कावीळ आणि टायफॉइड असेच पसरतात, आणि तेव्हा पाणी काचेसारखं स्वच्छही दिसू शकतं. टीडीएस मीटर इथे काही कामाचं नाही, ते विरघळलेले क्षार मोजतं, त्याला जंतू दिसत नाहीत.

खबरदारी: शटडाउननंतरचं पहिलं पाणी बाहेरच्या नळाने वाहू द्यायचं, जमिनीखालच्या टाकीत घ्यायचं नाही, गिझर आणि फिल्टर तोवर बंद. लालसर पाण्यात पांढरे कपडे घातले तर ब्लीच टाकू नये, डाग पक्का होतो. गटाराचा वास आला किंवा पाणी उकळून प्या अशी सूचना आली तर खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट चालू ठेवायची. गढूळ असेल तर आधी कापडाने गाळून. उकळून जंतू मरतात, शिसं किंवा नायट्रेट जात नाही. आरओचं कार्बन क्लोरीन काढून टाकतं, म्हणून ते पाणी चार दिवस साठवून ठेवू नये. डायलिसिसवाले आणि मासे पाळणारे यांना क्लोरीनचा डोस वाढल्याचंही आधी कळायला हवं.

पुराचं वेगळं. ऑगस्ट २०२४ मध्ये शहरातली विश्वामित्री नदी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली, अशा वेळी जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलं तर ती पूर्ण उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन मगच भरायची, नुसत्या तुरटीने भागत नाही. टँकरच्या पाण्यालाही उकळण्याचा हाच नियम.