लाल दिवा दिसला की नाही?

शिरपूर तालुक्यात तापीकाठच्या आमच्या शेतात गव्हाला पाणी भरायचं, तर थंडीतल्या रात्री जागाव्या लागायच्या. थ्री फेज लाईट रात्रीच यायची, तीही आधी एकदोनदा झपका मारून. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीत बारीक लाल दिवा होता; लाईट आली की तो लागायचा. काका आणि मी दोन शेतं अलीकडे, बांधावर घोंगडी पांघरून त्याच्यावर डोळा ठेवून बसायचो. काका एकदम म्हणायचे, "माले दिखना, तुले नही दिखना?" मला काहीच दिसलेलं नसायचं. दुसऱ्या रात्री नेमकं उलटं.

डुलकी लागली असेल, नजर हलली असेल, हे खरंच. पण माणूस टक्क जागा असला, नजर एका जागी खिळलेली असली, तरी अगदी मंद प्रकाश त्याला कधी दिसतो, कधी दिसत नाही. प्रयोगशाळेत हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. एकच उद्दीपन, म्हणजे तोच प्रकाश किंवा तोच आवाज, शंभरदा दिलं तर मेंदूचा प्रतिसाद शंभर तऱ्हांचा येतो. संशोधक त्यांची सरासरी काढायचे आणि उरलेला फरक 'गोंगाट' म्हणून टाकून द्यायचे.

गंमत अशी, की मेंदू गप्प बसत नाही हे हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने 1929 मध्येच छापलं होतं. डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या माणसाच्या डोक्यावरच्या तारांमधून त्याला सेकंदाला साधारण दहा लाटा मिळाल्या. या अल्फा लाटा डोळे उघडले की ओसरतात. शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के असलेला मेंदू शरीराची सुमारे 20 टक्के ऊर्जा खातो आणि एखादं काम हाती घेतल्यावर त्याच्या खर्चात पडणारी भर बहुधा 5 टक्क्यांच्याही आत असते. म्हणजे बहुतेक खर्च आतल्या आत चाललेल्या उलाढालीचा. (व्हॉट्सॲपवरचा 'आपण मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो' हा निरोप इथेच निकालात निघतो.)

टाकून दिलेल्या त्या गोंगाटाकडे 1996 मध्ये अमोस अरिएली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट पाहिलं. मांजराच्या मेंदूतल्या दृष्टीकेंद्रावर त्यांनी असा रंग वापरला, की पेशींचा विद्युतदाब बदलला की तोही बदलतो. चित्र दाखवण्याच्या क्षणी तिथे आधीच काय चाललं होतं ते मोजलं, त्यात नेहमीचा सरासरी प्रतिसाद मिळवला, आणि त्या वेळचा प्रत्यक्ष प्रतिसाद बराचसा जुळला! गव्हाच्या वाफ्यासारखं आहे हे. दोन बोटं पाणी सोडलं. वाफ्यात आधीच तीन बोटं उभं असेल तर पाच होणार, कोरडा असेल तर दोनच. वरून नुसतं पाहणाऱ्याला वाटतं, मोटार आज जास्त पाणी ओढतेय.

2008 मध्ये हे माणसांतही दिसलं. एक प्रसिद्ध चित्र आहे: पाहावं तर फुलदाणी, पाहावं तर समोरासमोरचे दोन चेहरे. ते क्षणभर दाखवण्याआधीच ज्या वेळी मेंदूतल्या चेहरे ओळखणाऱ्या भागात हालचाल जास्त होती, त्या वेळी लोकांना चेहरे दिसण्याची शक्यता वाढली. चित्र तेच. अर्थात हे काठावरच्या, धूसर किंवा दुहेरी गोष्टींपुरतं. समोरून ट्रक हेडलाईट लावून आला, तर मेंदूत काहीही चाललेलं असो, तो दिसतोच.

मंद प्रकाशाचंही तसंच. डोक्याच्या मागच्या बाजूच्या अल्फा लाटा ज्या क्षणी कमी जोराच्या असतात, त्या क्षणी तो 'दिसला' असं लोक जास्त वेळा सांगतात. पण इथे एक मेख आहे आणि मला तीच सगळ्यात आवडते. नजर खरंच तीक्ष्ण झाली, की फक्त 'हो' म्हणायची तयारी वाढली? हे तपासायला मधूनच काहीच न दाखवता विचारतात. अलीकडच्या काही प्रयोगांत अल्फा कमी असताना लोकांनी अशा वेळीही 'दिसला' म्हणण्याचं प्रमाण वाढलं. म्हणजे निदान काही अंशी तरी 'हो' म्हणायचा उंबरठाच खाली आला होता.

एका रात्री काका असेच "दिखना!" म्हणून उठले. टॉर्च घेऊन दोन शेतं तुडवत विहिरीवर गेलो, तर पेटी अंधारी. काका खाली बसले, बिडी पेटवली आणि म्हणाले, "ईसन चालनी गई व्हई." आली आणि गेली असेल. असेलही. प्रयोगशाळेत दिवा लागला होता की नव्हता याची नोंद असते. आमच्या बांधावर ती कोण ठेवणार? लाईट आली तेव्हा दोन वाजले होते, आणि या खेपेला ती दोघांनाही दिसली.