दासाचे भय, लेकराचे भय

बाप्तिस्मा झालेल्यांची श्रद्धा बळकट करणाऱ्या दृढीकरण संस्काराच्या वेळी बिशप उमेदवारांवर हात पसरून पवित्र आत्म्याची सात दाने मागतात. ज्ञान, समज, सल्ला, धैर्य अशी यादी पुढे सरकते आणि अखेरीस येते परमेश्वराचे भय. यादी बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 11 व्या अध्यायातून आलेली. तयारीच्या वर्गात मुले इथेच अडतात आणि ते बरोबरच आहे. येशूने देवाला बाप म्हणायला शिकवले, मग बापाचे भय कशासाठी मागायचे? या प्रश्नावर ख्रिस्तसभेने शतकानुशतके विचार केला आहे. वाटेत तिचा तोलही काही वेळा सुटला.

सुरुवात देवाने इस्राएलांना दहा आज्ञा दिल्या त्या सिनाय पर्वताच्या पायथ्याशी होते. गडगडाट, विजा आणि शिंगाचा नाद ऐकून लोक थरथर कापत दूर उभे राहतात. तेव्हा मोशे त्यांना एका दमात दोन गोष्टी सांगतो (निर्गम 20:20): भिऊ नका, आणि तुम्ही पाप करू नये म्हणून देवाचे भय तुमच्यापुढे असावे. पळ काढायला लावणारी धास्ती त्याला नको आहे, पण हात आवरायला लावणारे भय हवे आहे. पुढच्या साऱ्या चर्चेचे बीज या एका वचनात आहे.

हे भय नेमके कुठे लागू करायचे, याचा तपशील लेवीय पुस्तकात सापडतो आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग तोच आहे. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, आंधळ्यापुढे ठोकर ठेवू नको, आपल्या देवाचे भय बाळग (19:14). पिकल्या केसांच्या माणसापुढे उठून उभा राहा, देवाचे भय बाळग (19:32). 25 व्या अध्यायात जमिनीच्या व्यवहाराचा हिशेब आहे. पुढच्या योबेल वर्षापर्यंत, म्हणजे जमीन मूळ मालकाकडे परत जाते त्या दर पन्नासाव्या वर्षापर्यंत, जितकी पिके निघतील तितकीच किंमत लावायची, एकमेकांना नाडायचे नाही, आणि कारण तेच, देवाचे भय. गरीब झालेल्या भावाकडून व्याज घ्यायचे नाही, राबणाऱ्यावर कठोरपणे हुकूमत गाजवायची नाही, तिथेही तेच शब्द. बहिऱ्याला शिवी ऐकू येत नाही, आंधळ्याला धोंडा कोणी ठेवला ते दिसत नाही, कर्जात बुडालेल्याची तक्रार ऐकायला कोणी बसलेले नसते. साक्षीदार आणि पंच पोहोचू शकत नाहीत त्या जागी देवाचे भय नेमलेले आहे. ते बलवंताने बाळगायचे आहे, दुबळ्याच्या संरक्षणासाठी.

मिसर देशात शिप्रा आणि पुवा या दोन सुइणींना इब्री मुलगे जन्मताच मारून टाकायचा राजाचा हुकूम होता. त्यांनी तो पाळला नाही, कारण त्या देवाला भीत होत्या (निर्गम 1:17). देवाच्या भयाने राजाचे भय बाजूला सारले. दुसरे उदाहरण नहेम्याचे. यरुशलेमेचा तट बांधून घेणारा हा अधिकारी 12 वर्षे यहूदाचा सुभेदार होता. आधीचे सुभेदार लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि वर 40 शेकेल चांदी उकळत. नहेम्याच्या पंगतीला 150 यहूदी व अंमलदार असत, शिवाय भोवतालच्या राष्ट्रांतून आलेले पाहुणे. रोज एक बैल, सहा निवडक मेंढरे आणि कोंबड्या शिजत, दर दहा दिवसांनी द्राक्षारसाचा साठा येई. तरी त्याने सुभेदाराचा हक्काचा भत्ता घेतला नाही. कारण तो स्वतःच देतो: मी देवाला भीत असे (नहेम्या 5:15).

नव्या करारात दोन सूर एकत्र ऐकू येतात. आत्मा व शरीर दोहोंचा नाश करू शकणाऱ्याला भ्या, असे येशू म्हणतो आणि लगेच चिमण्यांचा दाखला देऊन सांगतो की भिऊ नका, तुमच्या डोक्यावरचे केससुद्धा मोजलेले आहेत (मत्तय 10). पौल फिलिप्पैकरांना भीत व कापत आपले तारण साधून घ्यायला सांगतो. तोच रोमकरांना लिहितो की पुन्हा भीती बाळगावी असा दासपणाचा आत्मा तुम्हाला मिळालेला नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात तर पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते (4:18). वरवर पाहता मेळ बसत नाही. पुढच्या शिक्षकांनी हीच गाठ सोडवायला घेतली.

दरम्यान ‘देवाचे भय बाळगणारे’ ही एक सामाजिक ओळखही झाली होती. सुंता न करता यहुदी सभास्थानाशी जोडलेल्या, इस्राएलाच्या देवाला मानणाऱ्या परराष्ट्रीयांना असे म्हणत. कैसरियातला रोमी शताधिपती कर्नेल्य हा त्यांतलाच (प्रेषितांची कृत्ये 10). तिथे त्याच्या भयाची दोन लक्षणे दिली आहेत: लोकांना दानधर्म आणि देवाची नित्य प्रार्थना. आजच्या तुर्कस्तानातल्या अफ्रोदिसियास इथे 1976 साली सापडलेल्या एका शिलालेखात यहुद्यांच्या नावांबरोबर अशा देवभीरूंची वेगळी यादी कोरलेली आहे. त्यांत नगरसभेचे सभासद आहेत, तसे कारागीरही.

पहिल्या पिढ्यांच्या ‘दिदाखे’ या नियमावलीत मालकाला बजावले आहे की राग आलेला असताना दास-दासीला हुकूम सोडू नकोस, नाहीतर तुम्हा दोघांवर असलेल्या देवाचे भय त्यांच्या मनातून जाईल. धन्याच्या संतापापायी चाकराची श्रद्धा ढळू शकते, हे त्या लोकांनी नीट ओळखले होते.

गाठ सोडवण्याचे मोठे काम उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप ऑगस्तीन यांनी केले. योहानाच्या पहिल्या पत्रावरच्या प्रवचनांत ते सुई-दोऱ्याचा दाखला देतात. शिवताना आधी सुई शिरते, पण ती बाहेर पडल्याशिवाय दोरा येत नाही. भय ही सुई, प्रीती हा दोरा. मात्र ते तिथेच थांबत नाहीत. शिक्षेला भिणारे भय निघून जाते आणि दुसरे, निर्मळ भय कायम राहते. ज्याच्यावर प्रेम आहे तो दुरावेल, आपल्या हातून दुखावला जाईल, ही त्याची धास्ती. योहानाची प्रीती घालवते ते पहिले भय. स्तोत्र 19 मध्ये सर्वकाळ टिकणारे म्हटले आहे ते दुसरे. याच भेदाला पुढे दासाचे भय आणि लेकराचे भय अशी नावे पडली.

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी या विचाराला दिनक्रमात बसवले. त्यांच्या मठ-नियमावलीच्या 7 व्या प्रकरणात नम्रतेच्या 12 पायऱ्या आहेत. पहिली पायरी म्हणजे देवाचे भय सतत डोळ्यांपुढे ठेवणे, विसर पडू न देणे. बारावी चढून गेल्यावर भीतीला घालवणारी पूर्ण प्रीती लाभते. इतके बहुतेकांना ठाऊक असते. मला त्याहून मोलाचे वाटते ते हे की नियमावलीत देवभीरूपणाची अट कोणकोणत्या कामांना घातली आहे. कोठाराचा कारभारी देवभीरू हवा (31): त्याने प्रत्येकाचा ठरलेला वाटा तोरा न दाखवता, ताटकळत न ठेवता द्यावा, देण्यासारखे काही नसेल तर निदान चांगला शब्द द्यावा, आणि मठातली भांडीकुंडी, अवजारे वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपावीत. आजाऱ्यांची शुश्रूषा करणारा देवभीरू हवा (36). पाहुण्यांची खोली सांभाळणारा तसाच (53). दार ठोठावणाऱ्याला द्वारपालाने देवाच्या भयातून येणाऱ्या सौम्यतेने उत्तर द्यावे (66). किल्ल्या, औषधे, अंथरुणे, दार: जिथे एकाचा हात वर असतो आणि दुसऱ्याचा खाली, नेमक्या त्या जागा. लेवीय पुस्तकाचा धागा इथे शाबूत आहे.

पुढे भर बदलला. 1215 मध्ये रोममध्ये भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीला वर्षातून किमान एकदा पापनिवेदन बंधनकारक केले. 1347 पासून प्लेगने युरोपात माणसे पटापट मरू लागली. अचानक मरण, न्यायाचा दिवस आणि नरक हे प्रवचनांचे ठरीव विषय झाले. देवाचे भय शेजाऱ्याशी वागण्यातून सरकून स्वतःच्या अंतघटकेवर जाऊन बसले. शिकवण बदलली नव्हती. त्याच तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्विनास यांनी स्पष्ट मांडले होते की शिक्षेचे भय मुळात वाईट नाही, वाईट आहे तो त्यातला दासपणा. आणि लेकराचे भय स्वर्गातही आदररूपाने टिकते. पण विद्यापीठातला हा भेद गावच्या व्यासपीठापर्यंत पोहोचत नव्हता.

प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणारे मार्टिन ल्यूथर याच वातावरणात वाढले. 1505 च्या जुलैत श्टोटर्नहाइमजवळ वीज पडली तेव्हा घाबरून त्यांनी संन्यासी होण्याचा नवस केला. 1529 मध्ये घरोघरी शिकवण्यासाठी त्यांनी लहान प्रश्नोत्तरी लिहिली, तिच्यात दहाही आज्ञांच्या खुलाशात भय आणि प्रीती जोडीने येतात: आपण देवाचे भय धरावे व त्याच्यावर प्रीती करावी, म्हणून... आणि पुढे त्या आज्ञेचा व्यवहार. चोरी करू नको, याचा अर्थ शेजाऱ्याचे पैसे खोट्या मालाने लुबाडू नयेत आणि त्याची मिळकत राखायला त्याला मदत करावी. भय पुन्हा बाजारात आणि घरात आले.

पुढे जेझुइट संघ स्थापन करणारे इग्नेशियस लोयोला यांना 1522 मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा इथे भयाच्या अतिरेकाचा अनुभव आला. सांगितलेलीच पापे पुन्हा आठवत, पुन्हा पापनिवेदन, पुन्हा शंका. हट्टाने आठवडाभर उपास केला, तो शेवटी पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी सोडायला लावला. त्यातून त्यांनी पापशंकेवर टिपणे लिहिली. चालताना दोन काड्यांच्या क्रुसावर चुकून पाय पडला आणि मी स्वतःच ठरवले की पाप झाले, तर तो नुसता चुकीचा निर्णय. पण पाय पडल्यावर पाप झाले असे वाटते आणि नाही असेही वाटते, मन हेलकावे खात राहते, ती खरी पापशंका. उपायही त्यांनी दिला. वैरी, म्हणजे सैतान, हळव्या मनाला अधिक हळवे आणि निबर मनाला अधिक निबर करतो, म्हणून प्रत्येकाने आपल्या कलाच्या उलट दिशेने जावे. दिवसाच्या आत्मपरीक्षणाचे त्यांचे पाच टप्पे आहेत: उपकारांबद्दल आभार, पापे ओळखण्याची कृपा मागणे, तासामागून तास विचार, शब्द व कृती तपासणे, क्षमा मागणे, सुधारणेचा निश्चय. आभार पहिले आहेत, हे महत्त्वाचे. तो टप्पा गाळून थेट चुका मोजायला बसले की दासाचे भय पोसले जाते.

कॅथलिक ख्रिस्तसभेच्या ट्रेंट धर्मपरिषदेने 1551 मध्ये निर्णय दिला की नरकाच्या भीतीतून आलेला अपुरा पश्चात्तापही, पापाची इच्छा सोडलेली असेल आणि क्षमेची आशा असेल तर, देवाचे दान आहे आणि पापक्षमेच्या संस्काराची वाट मोकळी करतो. तरी वाद चालूच राहिला. प्रीतीचा अंश आवश्यक की नाही यावर धर्मपंडित एकमेकांवर इतके तुटून पडले की 1667 मध्ये पोप अलेक्झांडर सातवे यांनी परस्परांना दूषणे देण्यावर बंदी घातली. प्रॉटेस्टंट बाजूलाही हाच पेच आला. 8 जुलै 1741 रोजी कनेटिकटमधल्या एनफील्ड इथे जोनाथन एडवर्ड्स या पाद्र्यांनी देवाच्या क्रोधावर प्रवचन दिले तेव्हा लोकांच्या आक्रोशामुळे त्यांना मध्येच थांबावे लागले. पण याच एडवर्ड्स यांनी पाच वर्षांनी लिहिले की रडणे-कापणे हा कृपेचा पुरावा ठरत नाही. मुख्य खूण म्हणजे टिकून राहणारे आचरण. पहिली गोष्ट जगभर गाजली, दुसरी फार थोड्यांनी वाचली, याची खंत वाटते.

मराठीत हा वारसा दोन वाटांनी आला. थॉमस स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूंचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात राशोल इथे छापले गेले. त्याच्या पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा ओवीतून येते. दुसरी वाट प्रॉटेस्टंट मिशनांची आणि पवित्र शास्त्राच्या भाषांतरांची. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या जूनमध्ये जागृती झाली. पापाची जाणीव होऊन मुली तासन् तास रडल्या, त्यामागून स्तुतिगीते आली, आणि त्यांच्या टोळ्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला निघाल्या. भय, आनंद आणि मग कामाला लागलेली पावले हा क्रम तिथे दिसतो.

11 जून 2014 रोजी पोप फ्रान्सिस यांनी सात दानांवरची आपली शिकवण याच दानाने संपवली. ते म्हणाले की हे भय म्हणजे देवाला घाबरणे नव्हे; आणि भ्रष्टाचारी, माणसांचा व्यापार करणारे व शस्त्रे बनवणारे यांना मात्र त्यांनी थेट उल्लेख करून सावध केले.

दुसऱ्या टोकाला पापशंकेने पिचलेली माणसे आजही आहेत, आणि नरकाचे व्याख्यान नेमके त्यांच्याच मनावर आदळते, ज्यांना ते लागायला हवे ते मात्र नुसते ऐकून घरी जातात. अठराव्या शतकातले संत अल्फॉन्सस लिगोरी स्वतः या दुखण्यातून गेले होते. त्यांचा सल्ला एकाच धर्मगुरूच्या मार्गदर्शनाने चालण्याचा आणि त्याचे ऐकण्याचा होता. व्यवहारात याचा अर्थ असा: एकदा सांगितलेले पाप पुन्हा सांगायचे नाही, शंका असलेले पाप सांगण्याची सक्ती स्वतःवर करायची नाही, आणि ‘झाले का, झाले का’ म्हणून दुसऱ्या धर्मगुरूकडे धावायचे नाही. प्रार्थना ‘नीट झाली नाही’ म्हणून पुन्हा पुन्हा करणे, प्रसाद घ्यायला घाबरणे, झोप उडणे असे महिनोन् महिने चालले तर तो ओसीडी या विकाराचा, म्हणजे नको ते विचार व कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या मनोविकाराचा, प्रकार असू शकतो. तेव्हा मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे, धर्मगुरूंच्या भेटी चालू ठेवाव्यात, आणि दोघांना एकमेकांचा सल्ला माहीत असावा.