पडद्यावरचं दुःख, खरे अश्रू : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

नाटक बघून प्रेक्षक रडले, म्हणून नाटककाराला दंड झाल्याची नोंद इतिहासात आहे. इ.स.पूर्व ४९४ मध्ये इराणी फौजांनी मिलेटस हे ग्रीक शहर जिंकून उद्ध्वस्त केलं. अथेन्सच्या लोकांना ते शहर नात्यातलं. फ्रिनिखस नावाच्या नाटककाराने त्याच पाडावावर नाटक रचलं. हेरोडोटस लिहितो की सगळं प्रेक्षागृह रडू लागलं आणि अथेन्सने फ्रिनिखसला १००० द्राख्मांचा दंड ठोठावला. गुन्हा काय, तर आपल्याच दुःखाची आठवण करून दिली. हे नाटक यापुढे कुणी करायचं नाही, असंही फर्मान निघालं.

कलाकृतीसमोर येणाऱ्या अश्रूंवर पुढेही सतत खटलेच चालले. हे अश्रू दुबळेपणाचे की सहृदयतेचे, खरे की ढोंगी, औषधी की अपायकारक, यावर प्रत्येक युगाने आपापला निकाल दिला. त्या मानाने ‘पाणी नेमकं कोणत्या क्षणी येतं?’ हा साधा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. आणि तो विचारला, तेव्हा लक्षात आलं की ते बहुतेकदा दुःखाच्या क्षणी येतच नाही.

पहिला मोठा फिर्यादी प्लेटो. आपल्या आदर्श राज्यातून त्याने कवींना बाहेर काढलं, त्यामागे हे एक कारण होतं. स्वतःवर संकट आलं की आपण धीराने वागतो, त्याचा अभिमान बाळगतो. रंगभूमीवर मात्र दुसऱ्या कुणाला छाती पिटून रडताना बघून सुखावतो. मनाचा जो भाग आवरून धरायचा, त्यालाच काव्य खतपाणी घालतं, असा त्याचा आरोप. ॲरिस्टॉटलने बचाव केला. शोकात्म नाटक करुणा आणि भीती जागवतं आणि त्या भावनांचं ‘कॅथार्सिस’ घडवतं, असं तो म्हणाला. पण म्हणजे नेमकं काय, हे सांगायचं राहून गेलं. शुद्धीकरण की निचरा, यावर विद्वान शतकानुशतकं भांडत राहिले. १८५७ मध्ये याकोब बेर्नाइस या जर्मन पंडिताने वैद्यकीय अर्थ उचलून धरला : पोट साफ व्हावं तशा भावना बाहेर पडतात. पुढे १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी उन्मादाच्या रुग्णांवरील उपचारासाठी हाच शब्द वापरला. ‘एकदा रडून घे, मोकळं वाटेल’ या घरगुती सल्ल्याला शास्त्राचा मुलामा चढला तो इथून.

ग्रीकांकडचीच आणखी एक गोष्ट या वादात पुन्हा पुन्हा साक्षीला येते. फेराय नगरीचा जुलमी शासक अलेक्झांडर (जगज्जेता तो वेगळा) युरिपिडीसचं नाटक चालू असताना मध्येच उठून गेला. प्लुटार्क कारण देतो : ज्यांचे मुडदे पाडले त्यांची ज्याला कधी दया आली नाही, तो हेक्युबा आणि अँड्रोमाखीच्या दुःखावर रडताना प्रजेला दिसायला नको. आता या माणसाचे अश्रू खरे की खोटे? मला ते खरेच वाटतात, आणि म्हणूनच गोष्ट अस्वस्थ करते.

संस्कृत परंपरेने हा विषय फिर्याद न लावता हाताळला, आणि जास्त बारकाईने. नाट्यशास्त्रात स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय (भान हरपणं) असे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. संतवाङ्मयात भक्ताच्या अंगी दाटणारे अष्टसात्त्विक भाव ते हेच. त्यात अश्रूंची कारणं देताना शोक आणि भय यांच्याबरोबर आनंद आहे, राग आहे, शिवाय धूर, अंजन, जांभई, थंडी आणि टक लावून बघणंही आहे. नटाला ज्ञान द्यायला बसलेल्या ग्रंथात धूर आणि जांभई येणं स्वाभाविकच. पण अश्रू म्हणजे दुःख हे समीकरण तिथे पहिल्यापासूनच नाही.

आठव्या शतकातल्या भवभूतीने तर ‘उत्तररामचरिता’त कलाकृतीसमोर रडणारी माणसंच रंगमंचावर आणली. पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गतायुष्यावर काढलेली चित्रं बघतात. शूर्पणखेचं चित्र पाहून सीता विरहाच्या आठवणीने घाबरते, तेव्हा राम तिला सांगतो की अगं, हे चित्र आहे. पुढच्याच काही चित्रांत त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना धारा लागतात. सातव्या अंकात नाटकातलं नाटक आहे. त्यातल्या सीतेचे हाल बघून राम भान विसरतो आणि हे नाटक आहे याची आठवण लक्ष्मणाला करून द्यावी लागते. फ्रिनिखसच्या प्रेक्षकांचं दुखणं आणि रामाचं दुखणं एकच : समोर जे चाललंय ते फार जवळचं आहे. समाजशास्त्रज्ञ थॉमस शेफ यांनी १९७९ मध्ये याला अंतराचा प्रश्न म्हटलं. फार जवळून पाहिलं तर जुनी जखम नुसती उघडते, फार लांबून पाहिलं तर कोरडं राहतं. मधल्या अंतरावर माणूस एकाच वेळी भोगतही असतो आणि बघतही असतो. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात मांडलेली ‘सविकल्प समाधी’ याच्या बरीच जवळ जाते. वाचक दुसऱ्याच्या अनुभवात शिरतो, पण स्वतःला पुरता सोडत नाही.

करुण रसात सुख कसं, हा काव्यशास्त्रातला कळीचा तंटा. भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली : रंगमंचावरचा शोक ना रामाचा उरतो, ना माझा, ना शेजारच्याचा. अभिनवगुप्ताने ती आपल्या पद्धतीने पुढे नेली आणि सर्व रस आनंदरूपच ठरवले. बाराव्या शतकात रामचंद्र-गुणचंद्र या जैन लेखकद्वयाने ‘नाट्यदर्पणा’त सरळ विरोध केला, रस सुखाचेही असतात, दुःखाचेही, आणि करुण हा दुःखाचाच. चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त उलट विचारलं की दुःखच होणार असेल तर तिकडे कोण फिरकेल? मग अश्रूंचं काय? त्याचं उत्तर मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यांत नेमकं वाटतं. अश्रू येतात ते चित्त द्रवल्यामुळे. दुखावणं वेगळं, द्रवणं वेगळं. हा फरक युरोपातल्या चर्चेत कधी पुसटसा दिसतो, कधी हरवतो.

संत ऑगस्टीनकडे तो दिसता दिसता राहतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आत्मनिवेदनात तो कबूल करतो की लहानपणी आपण ‘एनीड’ महाकाव्यातल्या डिडो राणीच्या मरणावर रडलो, पण स्वतःच्या आत्म्याच्या दुर्गतीवर रडलो नाही. तरुणपणी कार्थेजच्या नाट्यगृहांनी त्याला ओढलं. जे स्वतःच्या वाट्याला आलेलं नकोसं वाटेल, ते बघून माणूस सुखावतो तरी का, असं तो चडफडत विचारतो. पुढे मिलानच्या चर्चमध्ये स्तोत्रं ऐकून तोच माणूस ढळाढळा रडला आणि ते अश्रू त्याला पवित्र वाटले. तरीही शंका सुटली नाही. जे गायलं जातंय त्यापेक्षा गाण्यानेच मी जास्त हलतो तेव्हा माझ्याकडून पाप घडतं, असं त्याने लिहून ठेवलं आहे.

अठराव्या शतकात निकाल पूर्ण फिरला. वाचून रडणं ही सुसंस्कृतपणाची खूण झाली, पुरुषांसाठीसुद्धा. रिचर्डसनची ‘क्लॅरिसा’ १७४७-४८ मध्ये भागाभागांनी निघत असताना वाचक नायिकेला वाचवण्यासाठी लेखकाला विनवत होते. रूसोच्या ‘ज्यूली’ला १७६१ मध्ये पत्रांचा पूर आला आणि किती रडलो याची वर्णनं वाचक अभिमानाने करत. १७७१ मध्ये हेन्री मॅकेन्झीची ‘द मॅन ऑफ फीलिंग’ आली. तिचा नायक पानोपानी रडतो.

या कादंबरीचं पुढे काय झालं, ते या अश्रूंबद्दल बरंच सांगून जातं. लेडी लुइझा स्टुअर्ट यांनी १८२६ मध्ये वॉल्टर स्कॉटला पत्र लिहून दोन आठवणी सांगितल्या. मुलगी असताना पुस्तक घरात पहिल्यांदा आलं, तेव्हा सगळ्या बायका रडत होत्या आणि आपल्याला पुरेसं रडू आलं नाही तर हिला भावनाच नाहीत असं लोक म्हणतील, या धास्तीत त्या होत्या. अनेक वर्षांनी तेच पुस्तक मित्रमंडळींत मोठ्याने वाचलं तर मंडळी हसली. पुढे १८८६ च्या आवृत्तीत संपादक हेन्री मॉर्ली यांनी चक्क ‘अश्रूंची सूची’ जोडली, कोणत्या पानावर कोण रडतं त्याची. नुसता कंठ दाटून येण्याचे प्रसंग यात धरलेले नाहीत, अशी पुस्तीही दिली. अक्षरं तीच, वाचणाऱ्यांचे डोळे बदलले. कुठे रडायचं हे माणूस काही अंशी शिकतो आणि विसरतोही.

एकोणिसाव्या शतकात पुरुषांचे अश्रू घराच्या दाराआड गेले. डार्विनने १८७२ मध्ये भावनांच्या आविष्कारावर लिहिताना नोंदवलं की तीव्र शोक सोडला तर इंग्लिश पुरुष क्वचितच रडतो. मात्र त्याच ग्रंथात एक निरीक्षण आहे, ते या विषयाच्या मुळाशी जातं : स्वतःच्या दुःखापेक्षा दुसऱ्याच्या दुःखाने डोळे लवकर भरतात, इतकं की करुण कथेतल्या, जिच्यावर आपलं प्रेमही नाही, अशा काल्पनिक नायिकेसाठीही. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सला हे आवडलं नसतं. १८९० मध्ये त्याने उदाहरण दिलं ते नाटकातल्या पात्रांसाठी रडणाऱ्या एका रशियन बाईचं, जिचा गाडीवान बाहेर थंडीत गोठून मरतो आहे. हे उदाहरण आजही उगाळलं जातं. पण त्यातून सिद्ध काय होतं? नाटकाने ती बाई निष्ठुर झाली नव्हती; फार तर तिला सुधारण्यात ते कमी पडलं.

सिनेमाने अश्रूंचं तंत्र नव्याने शोधलं नाही, वारशाने घेतलं. बोललेले शब्द आणि संगीत आलटून पालटून योजण्याचा प्रयोग रूसोच्याच एका छोट्या नाट्यकृतीत १७७० मध्ये लिआँला झाला होता; १८०० च्या सुमारास पिक्सेरेकूरने पॅरिसमध्ये मेलोड्रामा लोकप्रिय केला. मूकपटांना पियानो किंवा वाद्यवृंदाची साथ मिळाली ती याच परंपरेतून. कॅमेऱ्याची भर मुख्यतः एकच, पण मोठी : चेहरा जवळून दिसू लागला. रंगभूमीवर शेवटच्या रांगेपर्यंत न पोचणारा ओठांचा थरकाप आता सगळ्यांना दिसत होता.

आणि सिनेमामुळेच ‘केव्हा’ हा प्रश्न समोर आला. मनोविश्लेषक जोसेफ वाइस यांनी १९५२ मध्ये एका निबंधात विचारलं की सुखान्ताला लोक का रडतात. ताटातूट चालू असते तेव्हा प्रेक्षक दात-ओठ आवळून बसतो. भेट होते तेव्हा रडतो. त्यांचा तर्क असा की धोका असेपर्यंत मन दुःख दाबून ठेवतं आणि आता सुरक्षित आहे म्हटल्यावर ते सोडतं. मग फ्रँको मोरेत्ती यांनी १९८३ मध्ये उलट्या बाजूने मांडणी केली : पात्रांना सत्य कळतं, पण उशीर झालेला असतो, तिथे अश्रू येतात. १९८६ मध्ये स्टीव्ह नील यांनी त्यात भर घातली की ‘अजूनही वेळेत होईल’ ही आशा तेवत असावी लागते. दोन्हीकडे अश्रू वळणावर आहेत, दुःखाच्या तळाशी नाहीत. पटकथाकारांना हे नक्कीच आधीपासून ठाऊक होतं.

प्रयोगशाळेत सिनेमा शिरला तो सोयीसाठी. विल्यम फ्राय यांनी १९८१ मध्ये करुण चित्रपट दाखवून गोळा केलेले अश्रू कांद्याने आणलेल्या अश्रूंशी ताडून पाहिले. भावनेच्या अश्रूंत प्रथिनं जास्त आढळली. रडण्याने शरीरातली घातक द्रव्यं निघून जातात, ही समजूत त्यावरून पसरली, पण तिला पुढे भक्कम आधार मिळाला नाही. १९९५ मध्ये ग्रॉस आणि लेव्हन्सन यांनी भावना जागवणाऱ्या चित्रफितींचा प्रमाणित संच तयार केला. त्यात दुःखासाठी १९७९ च्या ‘द चॅम्प’ चित्रपटातला मुष्टियोद्ध्याच्या मृत्यूचा जेमतेम तीन मिनिटांचा तुकडा निवडला, आणि तो पुढे कित्येक प्रयोगांत वापरला गेला.

मोकळं वाटण्याचा दावा २०१५ मध्ये नीट तपासला गेला. ग्राचानिन आणि सहकाऱ्यांनी ६० जणांना ‘लाइफ इज ब्यूटिफुल’ आणि ‘हाची’ दाखवले. २८ जण रडले. संपताक्षणी रडलेल्यांची मनःस्थिती खालावलेली होती, २० मिनिटांनी पूर्ववत झाली आणि ९० मिनिटांनी चित्रपटाच्या आधीपेक्षाही बरी होती. न रडलेल्यांत काही बदल नव्हता. म्हणजे आजीचा सल्ला अगदीच चुकीचा नाही, फक्त ताबडतोब गुण येत नाही.

अलीकडे ॲलन फिस्के, थॉमस शुबर्ट आणि बियाटे झाइब्ट यांनी या भावनेला स्वतंत्र स्थान देऊ केलं आणि नाव संस्कृतातून उचललं : ‘काममूत’, म्हणजे प्रेमाने हेलावलेला. आपलेपणा अचानक उत्कट झाला की छातीत ऊब, अंगावर काटा आणि डोळ्यांत पाणी, असं त्यांचं म्हणणं. २०१९ मध्ये १९ देशांतल्या, १५ भाषांतल्या लोकांवर ते तपासलं गेलं. भेटीगाठी, समेट, अनोळखी माणसाने दाखवलेला चांगुलपणा यांची फोड त्याने चांगली होते. चित्त द्रवतं म्हणणारा विश्वनाथ इथे परका वाटला नसता.

पण गाण्यात पात्र नाही, भेट नाही, उशीर नाही. जॉन स्लोबोडा यांनी १९९१ मध्ये ८३ श्रोत्यांना विचारलं की कोणत्या जागी काय होतं, ते नेमकं दाखवा. डोळे भरून येण्याच्या जागा अनेकदा अशा निघाल्या की जिथे सूर मुख्य स्वरावर उतरण्याआधी शेजारच्या विसंवादी स्वरावर क्षणभर टेकतो. आपल्याकडच्या श्रोत्याला इथे कणस्वर किंवा मींड आठवेल. गोष्ट तीच नाही, पण ओढ आणि सुटका ओळखीची आहे. अंगावर काटा मात्र वेगळ्या जागी येत होता, स्वरसंगतीने अनपेक्षित वळण घेतलं की. मोरी आणि इवानागा यांनी २०१७ मध्ये हे दोन प्रतिसाद शरीराच्या मोजमापांतही निराळे असल्याचं दाखवलं : काटा येतो तेव्हा शरीर उत्तेजित असतं, अश्रू येतात तेव्हा ते शांत होत जातं.