लांद (फ्रान्स)

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस, बिस्केच्या उपसागराला लागून असलेला देपार्तमाँ, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग. क्षेत्रफळ सुमारे ९,२४० चौ. किमी. युरोपातील फ्रान्समध्ये शेजारचा जिरोंद सोडला तर एवढा मोठा दुसरा नाही. राज्यक्रांतीनंतर १७९० मध्ये गॅस्कनी आणि ग्विएन या जुन्या प्रांतांचे तुकडे जोडून तो आखला गेला. मुख्यालय माँ-द-मार्सां. २०१६ पासून तो नूव्हेल-आकितेन प्रदेशात आहे.

‘लांद’ म्हणजे झुडपी माळरान. आज इथे मैलोन्‌मैल सूचिपर्णी पाइनचे जंगल दिसते, ते जवळजवळ सारे माणसाने लावलेले आहे. वाळूखाली ‘आलिओस’ नावाचा दगडासारखा घट्ट थर असल्याने पावसाचे पाणी मुरत नसे आणि हिवाळ्यात सगळा माळ दलदल होई. धनगर पायांना उंच लाकडी काठ्या बांधून त्यावरून चालत. तिसरी काठी पाठीला टेकवली की तीच बैठक, आणि मेंढरांवर नजर ठेवत हातांनी विणकाम चाले. मेंढ्या पाळायच्या त्या मुख्यतः खतासाठी. त्यांच्या लेंड्यांवरच राय या धान्याची शेतं पिकत.

किनाऱ्यावरच्या वाऱ्याने सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या झाडे लावून रोखण्याचे काम ब्रेमाँतिए या अभियंत्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस हाती घेतले होते. खरा पालट झाला तो तिसऱ्या नेपोलियनच्या काळात, १९ जून १८५७ च्या कायद्याने. गावांनी सामायिक माळांतील पाणी चर खणून काढावे आणि तिथे झाडे लावावीत, अशी सक्ती आली. दलदल गेली, पण गायरानेही गेली. पुष्कळ जमीन विकली जाऊन खाजगी झाली आणि धनगर देशोधडीला लागला. जंगलाचे कौतुक करताना ही किंमत विसरता कामा नये.

मग दिवस आले राळेचे. कामगार खोडाची साल तासून खाच पाडी; तिच्यातून चिकट राळ थेंबथेंब मातीच्या कुंडीत उतरे आणि पुढे तिचे टर्पेंटाइन होई. विसाव्या शतकाच्या अखेरीस हा धंदा बंद पडला. लाकूड आणि कागदाचा लगदा मात्र चालू राहिला.

अदूर नदीच्या दक्षिणेला शालोस हा सुपीक, चढउतारांचा मुलूख लागतो. तिथल्या ब्रासांपुई गावाजवळच्या गुहेत १८९४ मध्ये हस्तिदंतात कोरलेला स्त्रीचा इवलासा चेहरा सापडला. माणसाच्या चेहऱ्याच्या सर्वांत प्राचीन ज्ञात शिल्पांत तो गणला जातो. अदूरकाठचे दाक्स रोमन काळापासून गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे.

२४ जानेवारी २००९ रोजी ‘क्लाउस’ वादळाने या जंगलातील लक्षावधी पाइन आडवे केले. त्यानंतर इथे पुन्हा पाइनचीच लागवड झाली.