आरसा गेला, जागा उरली: मिररलेस कॅमेऱ्यावर जुन्या लेन्स

जुनी लेन्स मिररलेस कॅमेऱ्यावर बसवणारा अॅडॅप्टर हातात घ्या आणि त्यातून आरपार पाहा. आत काहीच नाही. काच नाही, वायर नाही. दोन टोकांना दोन वेगळे माउंट (लेन्स अडकवायच्या जोडण्या) असलेली धातूची नळी, बस्स. आपण पैसे मोजतो ते या पोकळीच्या लांबीसाठी. ती लांबी नेमकी असेल, तर पन्नास वर्षांपूर्वीची लेन्स आजच्या सेन्सरवर झकास चालते. केसाएवढा फरक पडला की कुरकुर सुरू.

लेन्स जिथे टेकते त्या कड्यापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक माउंटसाठी ठरलेलं असतं. एसएलआर, म्हणजे आरशातून दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात या अंतरातच आरसा वरखाली व्हायचा, म्हणून ते मोठं ठेवावं लागे. निकॉन एफचं ४६.५ मिमी, एम४२ स्क्रू माउंट आणि पेंटॅक्स के यांचं ४५.४६, मिनोल्टाच्या जुन्या लेन्सचं ४३.५, कॅनन एफडीचं ४२. मिररलेसमध्ये आरसाच नसल्यामुळे हे अंतर एकदम आखडलं: सोनी ई १८ मिमी, फुजी एक्स १७.७, कॅनन आरएफ २०, निकॉन झेड १६. आता साधी वजाबाकी करायची. एम४२ ची लेन्स सोनीवर लावायची तर ४५.४६ वजा १८, म्हणजे २७.४६ मिमी लांबीची नळी हवी. कॅनन एफडीची लेन्स कॅननच्याच ईएफ डीएसएलआरवर (डिजिटल एसएलआर, ४४ मिमी) लावायची म्हटलं, तर वजाबाकी उणे दोन येते. उणे लांबीची नळी बनत नाही. त्यामुळे तिथे मध्ये काच घालावी लागे आणि चित्राची वाट लागे. एफडी लेन्स वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिल्या आणि मिररलेस आल्यावर बाहेर निघाल्या, त्याचं कारण हे दोन मिलिमीटर.

अॅडॅप्टर ०.१ मिमी जाड निघाला तर किती बिघडतं? नाभीय अंतराचा (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा) वर्ग भागिले ही चूक, असं ढोबळ गणित आहे. ५० मिमी लेन्ससाठी २५०० भागिले ०.१, म्हणजे २५ मीटर. त्यापलीकडचं काहीही फोकसमध्ये येणार नाही. २८ मिमी लेन्सला हीच मर्यादा ८ मीटरच्याही आत येते. म्हणून स्वस्त अॅडॅप्टर मुद्दाम थोडे आखूड बनवतात. मग लेन्स अनंताच्याही, म्हणजे सर्वांत दूरच्या फोकसच्याही पुढे फिरते, आणि तिच्यावर कोरलेले मीटरचे आकडे खोटे पडतात. नित्याच्या फोटोग्राफीत याने फारसं अडत नाही. फक्त कडं शेवटपर्यंत फिरवलं की लांबचा डोंगर आपोआप फोकस झाला, असं धरून चालायचं नाही. आणखी दोन दोष पाहायचे. एक, अॅडॅप्टर एका बाजूला जाड असला तर चित्राचा एकच कोपरा कायम धूसर राहतो. दुसरा, आतली भिंत चकचकीत असली तर समोरून ऊन आल्यावर सगळ्या फोटोवर दुधी पडदा येतो. दुसऱ्यावर उपाय सोपा आहे: आतून काळा मखमली चिकटकागद लावायचा, फक्त त्याचे धागे सेन्सरवर गळणार नाहीत हे पाहायचं. पहिल्यावर उपाय नाही, अॅडॅप्टर बदला.

तपासायची रीतही सोपी आहे. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवा, अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) पूर्ण उघडा, किलोमीटरभर लांबचा मोबाइल टॉवर चित्राच्या मध्ये घ्या आणि स्क्रीनवर मोठं करून फोकस करा. कड्याला अजून थोडी जागा उरायला हवी. मग तोच टॉवर एकेका कोपऱ्यात घेऊन बघा.

यानंतरचा घोळ अॅपर्चरचा. नळीत वायर नाही म्हणजे कॅमेरा लेन्सला काही सांगू शकत नाही. अॅपर्चरचं कडं लेन्सवरच असेल तर ठीक. निकॉनच्या जी प्रकारच्या लेन्सना कडंच नसतं, तिथे अॅडॅप्टरवर वेगळं कडं असलेला नमुना घ्यावा लागतो, आणि त्यावर नेमके आकडे नसतात. कॅनन ईएफ लेन्सचं अॅपर्चर पूर्णपणे विजेवर चालतं. ती साध्या नळीवर लावली तर अॅपर्चर हलवताच येत नाही. तिला इलेक्ट्रॉनिक अॅडॅप्टरच हवा, आणि आरएफ बॉडीवर कॅननच्या अॅडॅप्टरमधून ती ऑटोफोकससकट चालते. एम४२ च्या 'ऑटो' लेन्सना मागे एक बारीक पिन असते. ती दाबली गेल्याशिवाय अॅपर्चरची पाती मिटत नाहीत. लेन्सवर ए/एम असा खटका असेल तर तो एमवर ठेवायचा. खटका नसेल तर आत पिन दाबणारी कडा असलेला अॅडॅप्टर मागायचा. कॅनन एफडीच्या अॅडॅप्टरवर याच कामासाठी फिरणारं कडं असतं. ते 'ओपन'वर राहिलं की एफ/८ लावूनही चित्र एफ/१.८ चंच येतं (एफचा आकडा लहान, तितकं भोक मोठं). 'लेन्स खराब आहे' म्हणून परत केलेल्या एफडी लेन्सपैकी काही निश्चितच या कड्याच्या बळी असणार.

कॅमेऱ्याच्या मेनूत दोन गोष्टी आधी बदला. 'लेन्सशिवाय शटर' हा पर्याय चालू करा, नाहीतर कॅमेऱ्याला समोर लेन्स दिसत नाही आणि बटण दाबून काही होत नाही. बॉडीत स्थिरीकरण (हात हलला तरी सेन्सर सरकवून चित्र सावरणारी सोय) असेल तर नाभीय अंतर हाताने भरा. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कॅमेरा ०.१ अंशाने हलला तर ५० मिमी लेन्सची प्रतिमा सेन्सरवर साधारण ०.०८७ मिमी सरकते. २४ मेगापिक्सेल फुलफ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरवर हे चौदा-पंधरा पिक्सेल झाले. १३५ मिमी लेन्सची प्रतिमा त्याच धक्क्याने ०.२३६ मिमी सरकते. जायरोस्कोपला फक्त कोन कळतो. सेन्सर किती सरकवायचा हे आपण भरलेल्या आकड्यावरून ठरतं. काल १३५ लावली होती आणि आज ५० लावताना आकडा बदलायचा राहिला, तर कॅमेरा गरजेपेक्षा जवळजवळ पावणेतीन पट जोराने सावरतो आणि स्थिरीकरण नसतं त्यापेक्षाही जास्त हललेला फोटो येतो.

प्रकाशमापनात मात्र काही अडचण नाही. अॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा. लेन्सची पाती जितकी मिटलेली असतील तितकाच उजेड सेन्सरवर येतो आणि कॅमेरा त्यावरून शटर ठरवतो. ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता कॅमेऱ्याने ठरवायची) लावून किमान शटर १/१२५ ठेवलं की माणसांचे फोटो हलत नाहीत. फोटोच्या माहितीत अॅपर्चरच्या जागी शून्य किंवा रेघ दिसेल. तो बिघाड नाही.

खरा सराव फोकसचा. ५० मिमी एफ/१.४ लेन्स एक मीटरवर लावली तर स्पष्ट दिसणारी पट्टी जेमतेम साडेतीन सेंटीमीटर, तीही छोट्या प्रिंटसाठीचा जुना ढिला निकष लावून. डोळा स्पष्ट, कान धूसर. फोकस पीकिंग, म्हणजे कडांवर लाल-पिवळी रेघ दाखवणारी सोय, कॉन्ट्रास्ट मोजते. पूर्ण उघड्या जुन्या लेन्सचा कॉन्ट्रास्ट मुळात कमी असल्यामुळे ती एकतर काहीच रंगवत नाही किंवा नाक-डोळे-कान सगळंच रंगवते. अंदाजासाठी पीकिंग, नेमकेपणासाठी मॅग्निफिकेशन. हे मोठं करून दाखवणारं बटण अंगठ्याखाली येईल असं नेमून घ्या. ज्या अॅपर्चरवर फोटो काढायचा त्याच अॅपर्चरवर फोकस करा, कारण काही वेगवान, म्हणजे मोठ्या अॅपर्चरच्या लेन्समध्ये पाती मिटवली की फोकसची जागा थोडी सरकते. रस्त्यावर एवढा वेळ नसतो. तिथे २८ किंवा ३५ मिमी, एफ/८, अंतर तीन मीटरच्या आसपास, आणि कड्याला हात लावायचा नाही.

आता मुख्य प्रश्न, हा सगळा खटाटोप कशासाठी? सोव्हिएत हेलिओस ४४-२ हे उदाहरण घेऊ: ५८ मिमी एफ/२, कार्ल झाइस येनाच्या बायोटारवर बेतलेली, सहा भिंगं चार गटांत. झेनिट कॅमेऱ्यांबरोबर ती अफाट संख्येने बनली, त्यामुळे आजही सहज मिळते. पूर्ण उघडी ठेवली की चित्राच्या कडेला मागची पानं गोल फिरल्यासारखी दिसतात. मध्यभागी अंधुक ठिपके गोल असतात, पण कडेला जाणारी प्रकाशाची शंकू भिंगांच्या किनारींनी कापली जाते आणि ठिपके बदामासारखे होतात. सगळे बदाम केंद्राभोवती रांगेत उभे राहतात, म्हणून भोवऱ्याचा भास. तो हवा असेल तर माणूस दीड-दोन मीटरवर आणि मागे काही मीटरवर उन्हाचे कवडसे झिरपणारं झाड हवं. भिंत मागे असेल तर काही दिसणार नाही. एफ/४ केलं की भोवरा मिटतो. फुलफ्रेमहून लहान असा एपीएस-सी सेन्सर कडा कापून टाकतो, त्यामुळे तिथेही तो उणावतो, आणि ५८ मिमीची लेन्स ८७ मिमीसारखी वागते.

दुसरा फरक लेपनाचा. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के उजेड परत फेकतो. हेलिओसमध्ये काच आणि हवा आठ वेळा भेटतात. लेप नसता तर जवळपास तीस टक्के उजेड वाया गेला असता. साध्या एकपदरी लेपाने दर पृष्ठभागी दीडेक टक्का जातो, आधुनिक बहुपदरी लेपाने अर्ध्या टक्क्याहूनही कमी. गेलेल्या उजेडापेक्षा उलटसुलट आपटून सेन्सरवर पोचलेला उजेड जास्त त्रास देतो: काळं राखाडी होतं, रंग फिके पडतात. जुन्या लेन्सचा 'मऊ' रंग म्हणून ज्याचं कौतुक होतं त्यात मोठा वाटा याचाच. कौतुक जरूर करावं, पण ते आपल्या मर्जीने. त्यासाठी हेलिओस ४४-२ ला ४९ मिमीचं रबरी हुड लावा. सगळ्या सामानात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी वस्तू तीच.

जुन्या वाइड अँगलबद्दल मात्र फार आशा नको. फिल्मवर काच नव्हती. सेन्सरवर असते, बहुतेक कॅमेऱ्यांत दोन मिमीच्या आसपास. सरळ आलेल्या किरणांना ती फोकस थोडा मागे ढकलते, तिरप्या किरणांना त्याहून जास्त. रेंजफाइंडर, म्हणजे आरसा नसलेल्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या वाइड लेन्सची मागची भिंगं फिल्मजवळ असत, त्यामुळे किरणं फार तिरपी येतात आणि कोपरे पुसल्यासारखे दिसतात. सोव्हिएत ज्युपिटर-१२ चं मागचं भिंग तर इतकं आत घुसतं की काही बॉडींत ते आतल्या भागावर आपटतं. एसएलआरसाठी बनलेल्या लेन्सना आरशामुळे अंतर राखावं लागे, म्हणून त्या इथे बऱ्या. एपीएस-सी कॅमेऱ्यावर पूर्ण दृश्य हवं असेल तर फोकल रिड्यूसर घ्या. हा अॅडॅप्टर रिकामा नसतो, त्यात भिंगं असतात. ०.७१ पटीचा रिड्यूसर ५० मिमी एफ/२ ला ३५.५ मिमी एफ/१.४ बनवतो, एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेड वाढवून. बदल्यात कोपरे थोडे ढिले पडतात.

धावती मुलं, लग्नातली गर्दी, संध्याकाळचा उजेड: इथे आधुनिक ऑटोफोकस लेन्सच लावा, हट्ट नको. त्यासाठी किलोभराची लेन्स लागते असंही नाही. सोनीची ५० मिमी एफ/१.८ लेन्स १८६ ग्रॅमची आहे, निकॉन झेडची ४० मिमी एफ/२ लेन्स १७० ग्रॅमची. अॅडॅप्टरसकट हेलिओस याहून जड भरते. रोजच्या पिशवीत एक अशी लेन्स आणि एक जुनी ५०, एवढं पुरे. जेवणाचं ताट, खिडकीतला उजेड, शांत बसलेली आजी हे जुनीचे विषय.

मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात लेन्स हाती आली तर मोबाइलचा टॉर्च मागून धरा, अॅपर्चर उघडा आणि पुढून तिरकं पाहा. धुळीचे चार कण असले तर सोडून द्या. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडाही चालतो. मागच्या काचेवरचा नाही. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ती आम्ल सोडते आणि लेप खाते, म्हणजे साफ केली तरी डाग उरू शकतो. किनारीला इंद्रधनुषी पट्टे असतील तर दोन भिंगांमधला चिकटवलेला थर सुटलाय. ती घेऊ नका. पातींवर तेल चमकत असेल तर ऑटो लेन्समध्ये ती चिकटतात. हेलिओस ४४-२ सारख्या प्रीसेट लेन्समध्ये पाती हातानेच फिरतात, तिथे तेल खपून जातं. काच चहासारखी पिवळी दिसली, विशेषतः सात भिंगांच्या सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ मध्ये, तर घाबरू नका: काचेतल्या थोरियमच्या किरणोत्सर्गाने ती पिवळी पडते. अतिनील एलईडीखाली काही दिवस ठेवली की रंग बराच उतरतो. वापरायला ती सुरक्षित आहे. फक्त काच घासायची वा फोडायची नाही.

कोकणात आणि मुंबईत पावसाळा हाच लेन्सचा खरा शत्रू. चामड्याच्या जुन्या खोळीत ओल धरून राहते, तेव्हा खोळ वेगळी ठेवा. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक टाका, आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. फार कोरडं झालं तर ग्रीस आणि रबर सुकतं, म्हणून अति करू नका. निळी सिलिका गुलाबी झाली की ती ओल पिऊन भरली. तिच्यात कोबाल्ट असतं, म्हणून स्वयंपाकाचं भांडं नको. वेगळ्या जुन्या पातेल्यात मंद आचेवर ती पुन्हा निळी होईपर्यंत तापवा आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात परत टाका.