शेकरमधला चौथा घटक

'गोल्ड रश' हे कॉकटेल न्यूयॉर्कच्या 'मिल्क अँड हनी' बारमध्ये २००० सालच्या आसपास जन्माला आलं. त्यामागची खटपट अगदी थोडी होती. १९२० च्या दशकापासून जिन, लिंबाचा रस आणि मध यांचं 'बीझ नीझ' नावाचं पेय चालत आलेलं होतं. टी. जे. सिगल यांच्या 'गोल्ड रश'मध्ये त्या जिनच्या जागी बर्बन ही मुख्यतः मक्याची अमेरिकी व्हिस्की आहे. ६० मिली बर्बन, म्हणजे आपल्याकडचा लार्ज पेग, साधारण २२ मिली लिंबाचा रस आणि तेवढाच पाण्याने सैल केलेला मध. बर्फासोबत शेकरमध्ये जोरात हलवायचं आणि गाळायचं.

कृतीत घटक तीन. ग्लासात मात्र चार उतरतात. चौथा म्हणजे बर्फाचं पाणी, आणि ते किती, हे भौतिकशास्त्र ठरवतं.

हिशेब सोपा आहे. मिश्रण ढोबळमानाने १०० ग्रॅम धरू. ते २५ अंशांवरून उणे ५ अंशांपर्यंत उतरवायचं, तर सुमारे ३,००० कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागेल. (ही कॅलरी शाळेच्या पुस्तकातली. आहारतज्ज्ञांची कॅलरी हिच्या हजारपट मोठी असते.) एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी शोषतो. भागाकार केला की ३७-३८ ग्रॅम बर्फाचं पाणी होणार, हे आलंच. शून्य अंशाचा बर्फ मिश्रणाला शून्याखाली कसा नेतो? पॉट आइस्क्रीम करताना बर्फात खडेमीठ टाकतात, तिथे जे होतं तेच इथे अल्कोहोल आणि साखर करतात. त्यांच्या सहवासात बर्फ शून्याखालीही वितळत राहतो, आणि वितळताना लागणारी उष्णता त्याच मिश्रणातून ओढतो.

म्हणून 'थंडगार हवं, पण पाणी नको' ही मागणी शेकरपुरती अशक्य आहे. गारवा बहुतांशी वितळण्यातूनच येतो. टाळता येतं ते फक्त फुकटचं पाणी. बराच वेळ बाहेर राहून ओला झालेला बर्फ आपल्या अंगावरचं पाणी सोबत आणतो, आणि त्या पाण्याने गारवा फारसा मिळत नाही. असा बर्फ आधी निथळून घ्यावा.

आता या पाण्याने व्हिस्कीचं काय होतं ते पाहू. भारतीय बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के अल्कोहोल लिहिलेलं असतं. वरच्या मापाने ग्लासात उरतं सुमारे १८ टक्के. पेय पचपचीत झालं असं इथे वाटेल, पण नाकाचा अनुभव वेगळा आहे. स्वीडनमधल्या लिनियस विद्यापीठातील ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये ग्वायकॉल या धुरकट वासाच्या रेणूचा संगणकावर अभ्यास केला. अल्कोहोल ५९ टक्क्यांच्या वर असेल, तर त्याचे रेणू ग्वायकॉलला घेरून द्रवाच्या आत अडकवून ठेवतात. ४५ टक्के किंवा त्याहून कमी असेल, तर ग्वायकॉल पृष्ठभागाकडे सरकतो, म्हणजे नाकाच्या जवळ येतो. त्या प्रारूपात लिंबू आणि मध नव्हते, एवढं लक्षात ठेवायला हवं. तरी व्हिस्कीत चमचाभर पाणी घालणाऱ्यांची बाजू त्यामुळे भक्कम होते.

जिनच्या जागी बर्बन आली की बदल होतो तो मुख्यतः लाकडामुळे. अमेरिकी नियमानुसार बर्बनच्या धान्यात किमान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात ठेवावी लागते. आगीत लाकडातलं लिग्निन तुटून व्हॅनिलिन तयार होतं. ओकमधल्या लॅक्टोनमुळे ओल्या खोबऱ्याच्या वासाची झाक येते, आणि टॅनिनमुळे तुरटपणा. मधाशी याचं जुळतं. जिनमधल्या ज्युनिपरचा पाइनसारखा करकरीत वास मधाला कापत जातो. मला बर्बनची जोडी अधिक पटते, पण हा पसंतीचा प्रश्न झाला.

मधाची निवडही विज्ञानाच्या बाजूने योग्य ठरते. जिभेवर गोडाचा संदेश पुढे नेणारी टीआरपीएम-५ ही वाहिनी थंडीत मंदावते, त्यामुळे गार पेयात तीच साखर कमी गोड लागते. मधात फ्रुक्टोज ग्लुकोजपेक्षा जास्त असतं, आणि फ्रुक्टोजची खोड उलटी आहे. थंड द्रावणात त्याच्या रेणूंचा मोठा हिस्सा अधिक गोड लागणाऱ्या रूपात जातो. थंडीने हिरावलेला गोडवा असा थोडाफार परत मिळतो. मात्र घट्ट मध बर्फावर पडला की तिथेच चिकटून बसतो, म्हणून आधी कोमट पाण्यात मिसळून घेणं सक्तीचं.

आपल्याकडे ही कृती बहुतेक वेळा बिघडते ती लिंबामुळे. मूळ मापातलं लेमन म्हणजे जाड सालीचं पिवळं फळ. त्याच्या रसात ५ ते ६ टक्के आम्ल असतं. आपलं कागदी लिंबू ६ ते ८ टक्क्यांपर्यंत जातं. २२ मिलीच घातलं तर पहिल्या घोटाला दात आंबतात आणि दोष व्हिस्कीच्या माथी जातो. कागदी लिंबाचा रस १५ ते १८ मिली पुरे. तो ताजाच पिळावा, कारण लिंबाचा वास देणारं सिट्राल आम्लात टिकत नाही.

बर्बन नसेल तर? स्वस्त देशी व्हिस्कीत बहुतेक वेळा मळीपासूनचं मद्यार्क मोठ्या प्रमाणात असतं. त्यात लाकडाचा वास जेमतेम, त्यामुळे ग्लासात लिंबू-मधाचं सरबतच वरचढ ठरतं. गोव्याची पॉल जॉन किंवा बंगळुरूची अमृत या माल्ट व्हिस्की जवापासूनच्या, तेव्हा त्या बर्बन नव्हेत. पण त्या बऱ्याचदा बर्बनच्याच जुन्या पिंपांत मुरतात, आणि इथल्या उष्णतेत लाकूड झपाट्याने उतरतं. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के मद्य उडून जातं, इथे त्याच्या कितीतरी पट. अशा बाटलीसोबत महाबळेश्वरकडचा जांभळाचा मध घेतलात तर त्याचा हलका कडवटपणा ओकच्या तुरटपणात भर घालतो. तेव्हा लिंबू १५ मिलीच्या वर नेऊ नका.