मुखचेहरा वेदनाचिकित्सा

दात, जबडा, तोंडाचा अंतर्भाग, चेहरा आणि कानशिले येथील, विशेषतः महिनोन् महिने टिकणाऱ्या वेदनांचे निदान व उपचार करणारी दंतवैद्यकाची शाखा. दंतवैद्यांमध्ये ती ‘ओरोफेशियल पेन’ याच नावाने ओळखली जाते. अमेरिकेत २०२० मध्ये तिला बारावी दंतविशेषशाखा म्हणून मान्यता मिळाली. ही मान्यता उशिराच आली, कारण तिचे अध्यापन त्यापूर्वी कित्येक दशके चालू होते.

सेंट लुइस येथील कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ मध्ये कानाच्या व सायनसच्या काही तक्रारींचा संबंध जबड्याच्या सांध्याशी जोडला आणि असे रुग्ण दंतवैद्यांकडे येऊ लागले. कॉस्टेन यांची शरीररचनेची उपपत्ती पुढे टिकली नाही. पण दोष दातांच्या चाव्यात, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्यात, आहे ही समजूत मात्र चिवट ठरली आणि तिच्यापायी अनेकांचे चांगले दात घासून झिजवले गेले किंवा त्यांवर कॅप बसल्या. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लाझलो श्वार्ट्झ यांनी सांध्याऐवजी चर्वणस्नायूंकडे लक्ष वेधले, तर डॅनियल लास्किन यांनी १९६९ मध्ये स्नायूंच्या दुखण्यामागे मानसिक ताण, दात आवळणे आणि झोपेत दात खाणे यांचा वाटा मांडला.

या विषयाला शिकवण्याजोगे रूप देणाऱ्या प्राध्यापकांत जेफ्री ओकेसन यांचे नाव प्रमुख आहे. त्यांनी केंटकी विद्यापीठात १९७७ मध्ये चेहऱ्याच्या वेदनांचे उपचारकेंद्र सुरू केले. जबड्याच्या सांध्याचे विकार व दातांचा चावा यांवरील त्यांचे पाठ्यपुस्तक १९८५ मध्ये निघाले आणि पुढे अनेक भाषांत गेले. डॅलसचे वेल्डन बेल यांनी लिहिलेल्या वेदनाविषयक ग्रंथाच्या पुढील आवृत्त्याही ओकेसन यांनीच सांभाळल्या. दुखते ती जागा आणि दुखण्याचा उगम वेगळे असू शकतात, हे या अध्यापनाचे मुख्य सूत्र होय. गालाच्या चर्वणस्नायूतून उठणारी कळ खालच्या दाढेत जाणवत असेल, तर दाढेवर ठोकून ती वाढत नाही आणि दाढ बधिर करूनही थांबत नाही. मात्र स्नायूवर बोट दाबताच ती दाढेपर्यंत पोहोचते. अशा वेळी रूट कॅनाल केले किंवा दाढ काढली तरी दुखणे तसेच राहते. चेहऱ्याच्या व मानेच्या वरच्या भागाच्या संवेदना मेंदूच्या बुंध्यात एकाच केंद्रकाशी मिळत असल्याने मानेचे दुखणेही जबड्यात जाणवू शकते. हृदयविकाराची कळसुद्धा कधी कधी फक्त जबड्यातच येते.

ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया या चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूच्या विकारात तोंड धुताना, दात घासताना किंवा वाऱ्याची झुळूक लागताच विजेच्या झटक्यासारखी सणक येते. ती काही क्षण, फार तर दोन मिनिटे टिकते. तिच्यावर कार्बामाझेपिन हे अपस्मारावरील औषध गुणकारी ठरते. तरीही निदान होण्यापूर्वी निरोगी दात गमावून बसलेले रुग्ण विरळा नाहीत.

दंतवैद्य आणि मानसशास्त्रज्ञ असलेले सॅम्युएल ड्वॉर्किन यांनी लिंडा लेरेश यांच्यासह १९९२ मध्ये जबड्याच्या सांध्याच्या विकारांचे निदाननिकष प्रसिद्ध केले. त्यांत शारीरिक तपासणीच्या जोडीने रुग्णाची मनःस्थिती आणि दुखण्यामुळे अडणारी कामे यांचीही रीतसर नोंद ठेवलेली असते. सुधारित निकष २०१४ मध्ये आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९६ मध्ये भरवलेल्या परिषदेचा कलही मऊ आहार, जबड्याचे व्यायाम, औषधे आणि दातांवर बसवायची, काढता येणारी प्लेट अशा सौम्य उपायांकडेच होता.

भारतात एम.डी.एस. या दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर पदवीसाठी ही स्वतंत्र शाखा नाही. असे रुग्ण मुख्यतः ओरल मेडिसिन अँड रेडिओलॉजी (मुखरोग व क्ष-किरण निदान) विभागाकडे येतात. येथे तोंड न उघडण्याचे कारण सांध्यातच असेल असे नाही. सुपारी-गुटख्यामुळे गालाची अंतस्त्वचा ताठर होऊन पांढरट पट्टे उमटतात, तोंडात जळजळ होते आणि तोंड पुरते उघडेनासे होते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी असूनही असे रुग्ण येतच राहतात. त्यामुळे सांधा चाचपण्यापूर्वी विद्यार्थ्याला गाल आतून तपासावा लागतो.